ओटा चौकटीत आणणारी लेन्स: पीसी-निक्कोर ३५ मिमी एफ २.८

नाशिकच्या सिडको या आखीव वस्तीत कॅमेरा घेऊन हिंडलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. गल्ली अरुंद असते, मूळ आखणीत बैठी असलेली घरे आता दोन-तीन मजले चढलेली असतात, आणि कॅमेरा जरा वर केला की दोन्ही बाजूंच्या भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. ओट्यावर बसलेल्या माणसांसाठी तो खाली कलता केला, तर त्याच भिंती पायथ्याशी आवळल्या जातात आणि घर बादलीसारखे वर रुंद, खाली निमुळते दिसू लागते. पट्टी लावून आखलेल्या वस्तीचे छायाचित्र काढायचे आणि नेमकी तिची रेषच मोडायची, हे मला अनेक वर्षे खटकत होते. गेली दोन वर्षे मी निकॉनची पीसी-निक्कोर ३५ मिमी एफ २.८ ही जुनी शिफ्ट लेन्स जवळजवळ याच एका कामासाठी वापरतो आहे. नाशिकच्या सिडकोत आणि चंडीगडच्या दोन फेऱ्यांमध्ये ती माझ्या कॅमेऱ्यावर होती, आणि आखीव शहरांतले रोजचे जगणे टिपणाऱ्याला तिचा कितपत उपयोग होतो, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

लेन्सचे काम थोडक्यात असे. नेहमीची लेन्स चौकट भरेल जेमतेम एवढे प्रतिमेचे वर्तुळ आत पाडते. या लेन्सचे वर्तुळ त्याहून मोठे आहे, त्यामुळे कॅमेरा जागेवर सरळ ठेवून फक्त लेन्स वर, खाली किंवा बाजूला सरकवता येते आणि चौकट त्या मोठ्या वर्तुळात फिरते. बाजूचा छोटा नॉब फिरवला की लेन्स जास्तीत जास्त ११ मिमी सरकते, आणि पूर्ण नळी गोल फिरवता येत असल्याने सरकण्याची दिशा आपण ठरवू शकतो. दर ३० अंशांवर ती खट् असा आवाज करून थांबते. कॅमेरा कलत नाही, म्हणून भिंती कलत नाहीत. वजन ३२० ग्रॅम, फिल्टर ५२ मिमीचा, जवळात जवळ ३० सेंटिमीटरवर फोकस होतो. ऑटोफोकस नाही, आणि अलीकडच्या महागड्या लेन्समध्ये असते तशी तिरपी होण्याची सोयही नाही. मी ती अडॅप्टर लावून २४ × ३६ मिमी सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो.

ही लेन्स विकत घेणारे बहुतेक जण ती वर सरकवण्यासाठी घेतात. इमारतीचा माथा कापला जाऊ नये आणि भिंती उभ्या राहाव्यात, हा तिचा जाहीर उपयोग आहे. मीही सुरुवातीचे तीन महिने तेच करत होतो आणि काढलेली छायाचित्रे घरी पाहताना ती इतकी ओसाड का दिसतात हे मला कळत नव्हते. एके दिवशी कागदावर हिशेब मांडला आणि उत्तर मिळाले. डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर, कॅमेरा सपाट धरला आणि आडवी चौकट घेतली, तर या लेन्समध्ये आपल्यापासून साधारण ४.४ मीटरपुढची जमीन दिसू लागते. लेन्स पूर्ण ११ मिमी वर सरकवली की जमीन सुरू होते ती थेट ५२ मीटरपुढे. मधल्या ५२ मीटरांत असलेले सगळे, म्हणजे उंबरा, ओटा, सायकल, नळाखालची बादली, गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरे, चौकटीखाली कापले जाते. कोणी उभा असलाच तर त्याचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. इमारत मात्र ताठ, स्वच्छ आणि पूर्ण मिळते. आधुनिक वास्तुकलेच्या किती तरी प्रसिद्ध छायाचित्रांत माणसे का नसतात, याचे सगळे कारण लेन्समध्ये नाही हे मला माहीत आहे, पण एक कारण या आकडेमोडीत नक्की आहे.

म्हणून मी ती उलट्या दिशेने वापरू लागलो, आणि या परीक्षणात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. लेन्स ५ मिमी खाली सरकवली की जमीन ३.१ मीटरपासून चौकटीत येते. समोरचे घर ५ मीटरवर असेल, तर चौकटीची वरची कड जमिनीपासून अडीच मीटरवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या जरा वर बसते, आणि चौकटीची रुंदी ५ मीटरांहून किंचित जास्त असते. अरुंद दर्शनी बाजूच्या घराचा पूर्ण ओटा, दार, खिडकी, पायऱ्या आणि समोरच्या रस्त्याची एक पट्टी, असे सगळे एका सरळ चौकटीत मावते. भिंत उभी, दार उभे, आणि माणूस आपल्या जमिनीवर उभा किंवा बसलेला. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे लेन्समधले छिद्र, एफ ११ वर (एफचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान) आणि फोकस ४ मीटरवर ठेवला की जेमतेम दोन मीटरपासून पुढचे सगळे सुस्पष्ट येते, त्यामुळे माणूस हलला तरी फोकसकडे पाहावे लागत नाही. सिडकोच्या गल्लीसाठी याहून नेमकी मोजणी मला दुसऱ्या कोणत्याही लेन्समध्ये सापडलेली नाही.

सिडको हा शब्द नाशिककर वस्तीसाठी वापरतात, पण मुळात ते १९७० साली स्थापन झालेल्या शहर नियोजन महामंडळाचे नाव आहे. नवी मुंबई उभारण्यासाठी निघालेल्या या महामंडळाने पुढे नाशिकमध्ये, अंबडच्या औद्योगिक वसाहतीला लागून, कामगार आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी सहा योजनांमध्ये घरे बांधली. आजही पत्ता सांगताना पहिली स्कीम, पाचवी स्कीम असेच म्हणतात. वास्तुकार चार्ल्स कोरिया नवी मुंबईच्या आखणीशी सुरुवातीपासून जोडलेले होते, आणि बेलापूरच्या त्यांच्या वसाहतीत घर हे हळूहळू वाढवण्याची गोष्ट आहे असा विचार होता. आमच्या नाशिकच्या सिडकोत तो विचार आखणीत किती होता यावर मी बोलणार नाही, पण रहिवाशांनी तो अंगी बाणवला हे कोणत्याही गल्लीत दिसते. एक खोली आणि स्वयंपाकघराच्या घरावर पोराच्या लग्नाआधी खोली चढते, बाहेरून लोखंडी जिना लागतो, वर भाडेकरू येतो, खाली पिठाची गिरणी किंवा ब्लाउज शिवण्याचे दुकान सुरू होते. आराखडा आणि संसार एकाच भिंतीवर वाचता येतात. ते दोन्ही एका चौकटीत यायचे असतील तर आराखड्याची रेष सरळ राहायला हवी आणि संसाराचा पायथा कापला जाता कामा नये.

लेन्स वर सरकवण्याचा दुसरा तोटा मला उत्तमनगरजवळच्या एका गल्लीत कळला. एप्रिलची सकाळ होती, आठ वाजले असतील. ट्रायपॉड लावून मी एका घराचा वाढवलेला मजला टिपत होतो. समोरच्या पायरीवर एक काकू कुरडयांचा चीक प्लॅस्टिकवर घालत होत्या. सोऱ्या उचलून त्यांनी विचारले, ‘दादा, तुम्ही अतिक्रमणवाले का?’ मी नाही म्हणालो, तर त्या म्हणाल्या, ‘मग वरच्या खोलीचा फोटो कशाला?’ प्रश्न रास्त होता. कर्ज काढून चढवलेल्या मजल्यावर रोखलेला अनोळखी कॅमेरा माणसाच्या पोटात गोळा आणतो. मी नॉब फिरवून लेन्स खाली आणली आणि मागच्या पडद्यावर त्यांना चौकट दाखवली: वर दाराची पट्टी, मधोमध त्या स्वतः, आणि खाली रस्त्यापर्यंत पसरलेले पांढरे वाळवण, ज्याच्या कडेला त्यांच्या नातीने चार वाट्या उपड्या घालून वजन ठेवले होते. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग पदर नीट केला आणि पुन्हा सोऱ्या दाबू लागल्या. त्या चौकटीतला प्लॅस्टिकवरचा कुरडयांचा गोल-गोल वेढा आणि मागच्या भिंतीची काटकोनातली रेष, दोन्ही इतक्या स्वच्छ आल्या आहेत, की हे छायाचित्र मी मोठे छापून त्यांना नेऊन दिले.

वापरण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. ॲपर्चरला दोन कडी आहेत. एकावर हवा तो आकडा आधी ठरवायचा, दुसरे फिरवून फोकस करताना ॲपर्चर पूर्ण उघडायचे आणि क्षण आला की ते ठरवलेल्या आकड्यावर बंद करायचे. घाईत दुसरे कडे बंद करायचे राहिले की छायाचित्र एफ २.८ वर निघते, कडा मऊ पडतात आणि मागचे घर धूसर होते. पहिल्या महिन्यात माझी निम्मी छायाचित्रे अशी गेली. नंतर मी गल्लीत शिरण्याआधीच एफ ११ वर बंद करून टाकण्याची सवय लावून घेतली आणि फोकस अंतराच्या आकड्यांवरूनच करतो. लेन्स सरकवलेली असताना एफ ८ ते एफ ११ या दरम्यान तिची स्पष्टता उत्तम आहे, एफ २.८ आणि एफ ४ हे आकडे मी पाहण्यासाठी आहेत असेच धरतो. चौकट उभी घेतली तर पूर्ण ११ मिमी वर-खाली सरकवून चालत नाही, कोपरे काळे पडतात. सूर्य समोर असेल तर जुन्या काचेवर चमक येते, त्यासाठी डावा तळहात लेन्सवर धरणे पुरते.

चंडीगडमध्ये हीच लेन्स वेगळी वागते, कारण तिथे मागे सरकायला जागा आहे. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली आराखडा हाती घेतला तेव्हा शहर ८०० मीटर बाय १२०० मीटरच्या सेक्टरांत विभागले गेले आणि रस्त्यांच्या सात श्रेणी ठरल्या. मोठ्या वाहनांचे रस्ते सेक्टरांच्या कडेने जातात, बाजाराचा रस्ता सेक्टरच्या आतून जातो, आणि हिरव्या पट्ट्यांतून पायवाटा निघतात. बाहेरच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर शहर रिकामे वाटते. माणसे आत आहेत. पर्यटक प्रशासकीय संकुलाकडे जातात, आणि ते पाहण्यासारखेच आहे. २०१६ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि २५४ मीटर लांबीचे सचिवालय समोर उभे राहिल्यावर आवाज बंद करते. पण माझे काम सेक्टर २२ मध्ये होते. सर्वांत आधी वसलेल्या सेक्टरांपैकी हा एक. सरकारी नोकरांसाठी पगाराच्या पायरीनुसार १३ प्रकारची घरे चंडीगडमध्ये आखली गेली, आणि पिएर जॅनरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या त्यांच्या सहकारी वास्तुकारांच्या हातच्या विटांच्या त्या साध्या घरांत जाळ्या, खोल छज्जे आणि छोटी अंगणे आहेत. जॅनरे तर १९६५ पर्यंत तिथेच राहून काम करत होते.

तिथे १५ मीटरवरून लेन्स ५ मिमी वर सरकवली तर दुमजली घर कठड्यासकट मावते आणि जमीनही साडेसात मीटरपासून शिल्लक राहते. म्हणजे सिडकोत जे खाली सरकवून साधते, ते इथे थोडे वर सरकवूनही साधते. अट एवढीच की नॉब शेवटपर्यंत फिरवायचा नाही. पहिल्या फेरीत विटांच्या जाळीमागे वाळत घातलेल्या रजया आणि जाळीच्या चौकोनी सावल्या रजयांवर पडलेल्या मला सापडल्या, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात. सरदारजी आजोबा खुर्ची उन्हाबरोबर सरकवत बसले होते. तासाभरात त्यांची खुर्ची चार फूट हलली आणि मी लेन्स त्यांच्यामागे बाजूला सरकवत राहिलो. ट्रायपॉड हलवावा लागला नाही आणि घराच्या रेषाही हलल्या नाहीत. बाजूला सरकवण्याचा हा उपयोग मला आधी कुठेच वाचायला मिळाला नव्हता. आता चौकातल्या पानटपरीसमोर किंवा बसथांब्यावर मी हेच करतो.

या शहरांची जी छायाचित्रे जगभर पोचली, ती बहुतेक वास्तुकारांच्या बाजूने काढलेली होती. छायाचित्रकार ल्युसियॅं एर्वे १९४९ पासून कॉर्बुझिएंबरोबर काम करू लागले आणि चंडीगडच्या काँक्रीटवरच्या त्यांच्या तीव्र सावल्या कोणीही विसरू शकत नाही. मी त्यांचा चाहता आहे. तरीही मला ओढ वाटते ती ब्राझिलियात, म्हणजे ब्राझीलच्या आखीव राजधानीत, दोन छायाचित्रकारांनी केलेल्या कामाची: तोमास फार्कास यांनी १९६० साली राजधानीच्या उद्घाटनाला जमलेली साधी माणसे टिपली, आणि मार्सेल गोतेरो यांनी वास्तुकार निमायर यांच्या इमारतींबरोबरच बांधकाम मजुरांच्या झोपड्यांकडेही कॅमेरा वळवला. त्या झोपड्या आराखड्यात नव्हत्या.

लेन्सची सर्वांत मोठी करामत उंचावरून दिसते. सिडकोतल्या बाहेरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून कॅमेरा जमिनीपासून सुमारे साडेचार मीटरवर सपाट धरला तर साध्या चौकटीत जमीन १३ मीटरपुढे सुरू होते, म्हणजे जवळची गल्ली दिसतच नाही. लेन्स पूर्ण ११ मिमी खाली आणली की जमीन पावणेसात मीटरपासून मिळते, चौकटीची वरची कड डोळ्याच्या रेषेच्या किंचित वर राहते आणि गल्ली लांबवर सरळ उलगडत जाते. संध्याकाळी पाळी सुटल्यावर अंबडहून परतणाऱ्या दुचाकी, दारात लावलेले दिवे, भाजीची गाडी, आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या आखलेल्या पण आता एकसारख्या न राहिलेल्या भिंती असे सगळे दिसते. वरून खाली वाकून काढलेल्या छायाचित्रांत माणसे मुंग्यांसारखी होतात आणि भिंती पंख्यासारख्या पसरतात. इथे तसे होत नाही. अशा जिन्यावर चढण्याआधी घरमालकाला विचारावे, आणि शक्यतो चहाला नाही म्हणू नये.

दोन चौकटी, एक वर सरकवून आणि एक खाली सरकवून, काढून संगणकावर जोडण्याची युक्ती अनेक जण सांगतात. रिकाम्या इमारतीसाठी ती उत्तम आहे. गल्लीसाठी नाही, कारण दोन चौकटींच्या मधल्या दोन सेकंदांत सायकलवरचा मुलगा पुढे गेलेला असतो आणि जोडावर त्याचे अर्धे चाक उरते. तसेच, कलत्या भिंती संगणकावर सरळ करता येतात, मग लेन्स कशाला, असे मला बहुतेक तरुण मित्र विचारतात. करता येतात, आणि घाईच्या वेळी मीही करतो. पण सरळ करताना कडा कापल्या जातात, आणि किती कापल्या जाणार हे छायाचित्र काढताना दिसत नाही. माणसांचे छायाचित्र कडांवर तोलले जाते. उजव्या कडेशी कोणाचा तरी अर्धा हात आत येतो आहे की नाही, हे त्याच क्षणी कळायला हवे.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ३५ मिमी हा आकडा (तो जितका लहान, तितके चौकटीत जास्त मावते) सिडकोच्या सर्वांत अरुंद गल्ल्यांना पुरत नाही; समोरची भिंत तीन मीटरवर असेल तर ५ मिमी खाली सरकवलेल्या चौकटीची वरची कड दोन मीटरांच्या आसपासच येते, म्हणजे दारही पुरते मावत नाही. तिथे निकॉनची १९ मिमीची किंवा कॅननची १७ मिमीची नवी शिफ्ट लेन्स लागते, आणि त्यांची किंमत माझ्या लेन्सच्या अनेक पट आहे. धावत्या मुलांसाठी, गर्दीच्या मिरवणुकीसाठी, रात्रीच्या बाजारासाठी ही लेन्स घेऊ नये. त्या कामाला साधी ३५ मिमी ऑटोफोकस लेन्स शंभरदा बरी.

मी ही लेन्स मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून १८ हजार रुपयांना घेतली. काच स्वच्छ आहे असे सांगितले होते; पार्सल उघडून मागून टॉर्च मारला तर मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. विक्रेत्याने फोन घेणे बंद केले. नाशिकमधल्या एका वयस्कर कारागिरांनी दीड हजारात ती उघडून साफ करून दिली, आणि नॉबच्या आटीत सुकलेले जुने वंगण काढून नवे भरले. त्यानंतर नॉब इतका हलका फिरतो, की एका बोटाने चौकट मिलिमीटरभर सरकवता येते. आमच्या पावसाळ्यात ती मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. जुनी प्रत घेणाऱ्याने टॉर्चची परीक्षा स्वतः समोर उभे राहून करावी, लेन्स दोन्ही दिशांना पूर्ण सरकवून पाहावी, सगळ्या थांब्यांवर खट् असा आवाज येतो का ते ऐकावे, आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचे डाग नाहीत ना हे एफ १६ वर बंद करून उजेडात तपासावे.